होकायंत्रापासून रक्षाकवचापर्यंत

वाघोटनच्या खाडीच्या मुखाशीं, तीन बाजूंनीं समुद्राचा मारा सोशीत उभा असलेला विजयदुर्ग मराठी घरांतल्या मुलांना शाळेच्या पुस्तकांतून तरी ठाऊक असतोच. इंग्रजांच्या जुन्या लेखनांत ह्याचें नांव घेरिया. शिवाजीमहाराजांनीं तो आदिलशाहीकडून घेतला, पुढें आंगऱ्यांनीं त्याला आपल्या आरमाराचें माहेरघर केलें, हा इतिहास पुन्हां सांगावयास नको. परंतु ह्या किल्ल्याची एक गोष्ट अशी आहे, कीं तिचा संबंध आजच्या मोटारीशीं जोडला तर प्रथम कोणालाही हंसूंच येईल. किल्ल्याजवळ समुद्रांत, पाण्याखालीं, एक दगडी भिंत आहे. ओहोटीच्या वेळींही ती वर दिसत नाहीं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनीं तिची पाहणी केलेली आहे. किल्ल्यावर चाल करून आलेलीं शत्रूचीं जहाजें ह्या भिंतीवर आदळून फुटलीं, असें त्या किनाऱ्यावरील परंपरा सांगते. आख्यायिकेंतील अतिशयोक्ति वजा केली तरी तिच्यांतला मुद्दा शिल्लक राहतोच.

त्या परक्या जहाजांवर साधनें नव्हतीं असें नाहीं. होकायंत्र होतें, नकाशे होते, दोरीला शिशाचें वजन बांधून पाण्याची खोली मोजणारे खलाशीही होते. पण होकायंत्र उत्तर दिशा दाखवितें. भिंत दाखवीत नाहीं. त्याचा कांटा जितका अचूक, तितकें जहाज अधिक सरळ रेषेंत त्या भिंतीवर जाणार! गिऱ्यें गांवच्या तांडेलाजवळ असलें उपकरण नव्हतें, पण भरतीला कोठून जावें आणि कोठून जाऊं नये हें त्याला बापाच्या होडींत बसूनच समजलेलें असे.

ह्याच बंदरांत गोष्टीची दुसरी बाजूही घडली. १७५५ च्या अखेरीस विल्यम जेम्स ह्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यानें घेरियासमोर येऊन पाण्याची खोली मोजून घेतली, आणि मोठीं जहाजें किल्ल्यावर तोफा चालविण्याइतकीं जवळ नेतां येतील असें मुंबईस कळविलें. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसनचें आरमार आंत शिरलें, तुळाजी आंगऱ्याचीं गलबतें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलीं, आणि जमिनीवर उतरलेल्या क्लाइव्हच्या पलटणींच्या मदतीनें किल्ला दोन दिवसांत गेला. पेशव्यांचें सैन्य त्या वेळीं इंग्रजांच्या बाजूनें उभें होतें, ही गोष्ट मराठी मनाला अजून बोंचते. पण तो विषय निराळा. येथें पाहावयाचें तें इतकेंच, कीं ह्या खेपेस तळाशीं काय आहे ह्याची विचारपूस अगोदर झाली होती.

आतां मोटारीकडे वळूं. गेल्या कांहीं वर्षांत मोटारींत चालकाला साह्य करणारें सॉफ्टवेअर येऊं लागलें आहे. पुढच्या कांचेमागें एक कॅमेरा असतो, समोरच्या भागांत रडार असतें. रस्त्यावरील पांढरे पट्टे ओळखून गाडी दोन पट्ट्यांच्या मध्यें ठेवावी, पुढच्या गाडीपासून अंतर राखावें, टक्कर होणारसें दिसलें तर आपणच ब्रेक लावावा, अशीं कामें हें सॉफ्टवेअर करतें. २०२१ पासून भारतीय बनावटीच्या मोटारींतही हीं साधनें मिळूं लागलीं. तज्ज्ञांनीं अशा यंत्रांच्या शून्यापासून पांचपर्यंत पायऱ्या ठरविल्या आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मोटारी फार तर दुसऱ्या पायरीवर आहेत. दुसरी पायरी म्हणजे चाक व ब्रेक यंत्रानें सांभाळावे, पण नजर माणसानें क्षणभरही काढूं नये. वाद पेटला आहे तो नेमका ह्याच पायरीवर. एक पक्ष म्हणतो, माणूस थकतो, डुलकी घेतो, रागावतो, यंत्र यांतलें कांहींच करीत नाहीं. दुसरा विचारतो, जें यंत्र बहुतेक वेळ बरोबर चालतें आणि एखाद्याच वेळीं फसतें, त्याच्यावर पहारा करीत बसणें माणसाला साधेल काय?

कोंकणाला हा वाद नवा नाहीं. रस्ते नव्हते तेव्हां मुंबईचा चाकरमान्या आगबोटीनें गांवीं येई. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी किनाऱ्यानें बंदरें घेत घेत जात, आणि विजयदुर्गास बोटीवरून पडावांत उतरून लोक धक्क्याला लागत. बोटीवर होकायंत्र होतें, किनाऱ्यावर दीपगृहें होतीं. तरीही पावसाळा तोंडाशीं आला कीं ही वाहतूक बंद होई. बोट कितीही भक्कम असो, कप्तान कितीही अनुभवी असो, आषाढांतल्या समुद्रांत तिनें जावयाचें नाहीं, हें पंचांगानें ठरविलेलें असे. साधनाची मर्यादा साधनाबाहेर, सर्वांना दिसेल अशी आंखून ठेवण्याची ही जुनी रीत होय. ती पुरती पडली असें मात्र नव्हे. १९२७ च्या नोव्हेंबरांत, म्हणजे पंचांगाप्रमाणें समुद्र शांत झाल्यानंतर, ‘जयंती’ व ‘तुकाराम’ ह्या दोन बोटी एकाच वादळांत गेल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ भर पावसाळ्यांत सहाशेंहून अधिक माणसांसह बुडाली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हतें. बुडणाऱ्या बोटीची हांक मुंबईला ऐकूं आली नाहीं. म्हणून साधनांना नाकें मुरडणाऱ्यांनीं ‘रामदास’ विसरूं नये.

परंतु साधन आणि चालक यांचा खरा कस लागला तो रुळांवर. कोंकण रेल्वेची कंपनी १९९० सालीं स्थापन झाली आणि १९९८ च्या जानेवारींत हा मार्ग सलग सुरू झाला. सुमारें ७४० किलोमीटरांच्या ह्या वाटेवर नव्वदांहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरांचा आहे. विजयदुर्गाच्या माणसाला ह्या गाडीसाठीं पूर्वेस राजापूर रोड, वैभववाडी किंवा कणकवली गांठावी लागते. ज्या बंदरांतला माल एके काळीं खाडीनें खारेपाटणापर्यंत चढे, तें बंदर रुळांपासून दूरच राहिलें.

ऑगस्ट १९९९ मध्यें पश्चिम बंगालमधील गैसल येथें दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि सुमारें तीनशें माणसें मेलीं. त्यानंतर कोंकण रेल्वेचे तेव्हांचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम ह्यांनीं एका टक्करविरोधी यंत्राची योजना पुढें आणली. त्याला नांव दिलें ‘रक्षाकवच’. इंजिनावर, गार्डाच्या डब्यांत, स्टेशनांत आणि फाटकांवर एकेक पेटी बसवावयाची. ती पेटी उपग्रहांच्या साह्यानें आपलें स्थान ठरवी आणि बिनतारी संदेशानें सुमारें तीन किलोमीटरांच्या टापूंतल्या दुसऱ्या पेट्यांशीं बोले. दोन गाड्या एकाच रुळावर एकमेकींकडे येत आहेत असें तिच्या हिशेबांत आलें, कीं ड्रायव्हरची वाट न पाहतां ती ब्रेक लावी. परदेशांतून महाग यंत्रणा आणण्याऐवजीं कोंकणांतल्या एका लहानशा रेल्वेनें स्वतःच्या बुद्धीनें हें घडवावें, ह्याचें त्या वेळीं मोठें कौतुक झालें, आणि तें योग्यच होतें.

अडचण निघाली ती एका साध्या प्रश्नावर: गाडी कोणत्या रुळावर आहे? उपग्रहावरून काढलेल्या स्थानांत कांहीं मीटरांची चूक राहते, आणि स्टेशनांत शेजारशेजारच्या दोन रुळांत अंतर असतें पांचेक मीटरांचें. म्हणजे शेजारून सुखरूप जाणारी गाडी आणि अंगावर येणारी गाडी यंत्राला सारखीच दिसावयाची. राजाराम ह्यांनीं ह्यावर काढलेली तोड चतुर होती. गाडी सांध्यावरून एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जातांना तिची दिशा किंचित् वळते. तीं वळणें मोजीत गेलें, तर ती कोणत्या रुळावर पोंचली हें ताडतां येतें. बोगद्यांत तर उपग्रह दिसतच नाहीं. तेथें शेवटचें ठाऊक असलेलें स्थान आणि चाकांचे फेरे ह्यांवर हिशेब चालवावा लागतो. जुने खलाशी धुक्यांत वेग, दिशा आणि काळ ह्यांवरून आपली जागा ताडीत, त्याच जातीचा हा हिशेब होय.

ईशान्य सीमा रेल्वेवर, म्हणजे गैसल ज्या रेल्वेंत येतें तिच्यावरच, सुमारें सतराशें किलोमीटरांच्या मार्गावर हें यंत्र लावून पाहिलें गेलें. मग रेल्वेच्या तंत्रज्ञांत दोन तट पडले. एकाचें म्हणणें असें, कीं यंत्र पूर्ण निर्दोष होईपर्यंत थांबणें म्हणजे मधल्या काळांत होणाऱ्या मृत्यूंना मुकाट्यानें संमति देणें. दहांतली सहा संकटें टळत असतील तर उरलेल्या चारांसाठीं सहाही ओढवून कां घ्यावीं? दुसऱ्याचें म्हणणें त्याहून कमी भावनाप्रधान, पण कमी वजनाचें नव्हे. जें यंत्र कारण नसतां ब्रेक लावतें आणि ज्याचा संपर्क मधेंच तुटतो, तें नुसता खोळंबाच करीत नाहीं. तें ड्रायव्हरला आपल्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करावयास शिकवितें. लांडगा आला रे आला, ही गोष्ट शेवटीं मेंढपाळाच्या पोरापेक्षां गांवकऱ्यांच्या कानांविषयींची आहे.

अखेरीस दुसऱ्या पक्षाचें पारडें जड झालें. रेल्वेच्या लखनौ येथील संशोधन संस्थेनें निराळी यंत्रणा तयार केली; २०२० मध्यें तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि जुन्या नांवाची आठवण ठेवूनच कीं काय, तिला ‘कवच’ म्हणतात. हींत गाडी कोणत्या रुळावर आहे हा प्रश्न आकाशाकडे पाहून सोडविलेला नाहीं. स्लीपरांवरच खुणेच्या चकत्या बसविल्या आहेत, त्या इंजिन वाचीत जातें. पण हें कवच सिग्नलाचा शब्द प्रमाण मानून चालतें. जून २०२३ मध्यें ओडिशांत बालासोरजवळ जो भीषण अपघात झाला, त्या मार्गावर कवच नव्हतें. तथापि चौकशींत दोष निघाला तो सिग्नलाच्या जोडणींतला. ड्रायव्हरला हिरवा दिवा होता आणि रूळ मात्र उभ्या मालगाडीकडे वळलेला होता. अशा ठिकाणीं कवच असतें तरी तें कितपत उपयोगी पडलें असतें, ह्यावर रेल्वेच्या जाणकारांतच चर्चा झाली.

टक्करविरोधी यंत्राची कीर्ति देशभर झालेली असतांनाच कोंकण रेल्वेवर जें घडलें, त्याचें स्थळ विजयदुर्गाच्याच जिल्ह्यांत आहे. २२ जून २००३ च्या रात्रीं कारवारहून मुंबईस येणारी सुटीची खास गाडी वैभववाडीजवळ बोगद्याच्या तोंडाशीं रुळावर कोसळलेल्या दरडीवर आदळली. पन्नासांहून अधिक प्रवासी मेले. सुटी संपवून मुंबईस परतणारीं कुटुंबें त्यांत होतीं. पुढच्याच वर्षीं, १६ जून २००४ रोजीं, महाडच्या बाजूस आंबवलीच्या पुलापाशीं मत्स्यगंधा एक्सप्रेस तशाच धोंड्यांमुळें घसरली. दोन्ही ठिकाणीं दुसरी गाडी नव्हती. समोरून येणाऱ्या पेटीशीं बोलणारी पेटी येथें कोणाशीं बोलणार? धोंड्यावर पेटी नसते. सगळें आकाश धुंडाळणारें यंत्र डोंगराच्या बाबतींत आंधळें होतें. आणि त्यांत यंत्राचा अपराध नव्हता, कारण डोंगर पाहण्यासाठीं तें केलेंच नव्हतें.

ह्यापुढें कोंकण रेल्वेनें जें केलें तें मोटारींच्या वादांत कोणी उद्धृत करीत नाहीं. तें करावयास हवें होतें. डोंगरांच्या बाजू कापून त्यांचा उतार सौम्य केला, कातळांवर पोलादी जाळ्या ताणल्या. ‘रक्षाधागा’ नांवाची युक्ति काढली: दरडीच्या जागीं तार ताणून ठेवावयाची, आणि धोंडा तिच्यावर पडला कीं गाडीला इशारा मिळावयाचा. पर्जन्यमापक बसविले, मोठ्या पुलांवर वाऱ्याचा वेग आणि नद्यांवर पुराचें पाणी मोजण्याची सोय केली. पण ह्या सर्वांच्या जोडीला एक अगदीं जुनी गोष्ट केली. पावसाळ्याचें वेळापत्रकच वेगळें केलें. ह्या महिन्यांत गाड्या मुळांतच हळू धांवतात. आणि पाऊस इतका जोरानें कोसळूं लागला कीं पुढचें दिसेनासें झालें, तर ताशीं चाळीस किलोमीटरांवर जाऊं नये असा ड्रायव्हरला हुकूम असतो. मुंबईच्या प्रवाशाला ह्या वेळापत्रकाचा कंटाळा येतो. आगबोटी जूनमध्यें बंद करणाऱ्यांचा त्याच्या आजोबांनाही असाच कंटाळा येत असेल.

आतां दुसऱ्या अंगाचा, म्हणजे चालकाच्या मनाचा विचार. दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या पडद्यासमोर तासन्‌तास बसणारे पहारेकरी शत्रूची खूण पाहावयास चुकतात, असें ब्रिटिश विमानदळाला आढळलें. नॉर्मन मॅकवर्थ ह्या मानसशास्त्रज्ञानें त्याचा छडा लावण्यासाठीं एक घड्याळ तयार केलें. त्याचा कांटा ठराविक उडी घेई, आणि क्वचित् दुप्पट. ती दुप्पट उडी ओळखावयाची, एवढेंच काम. अर्ध्या तासाच्या आंतच माणसांचें लक्ष ढळूं लागे, असें त्यानें १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. आळशी माणसें निवडलीं होतीं असें नव्हे. कांहीं न घडणारी गोष्ट एकटक पाहत राहणें हें मनुष्याच्या मनाला जमतच नाहीं. भारतीय रेल्वेच्या इंजिनांत म्हणूनच एक साधें यंत्र असतें: ड्रायव्हरनें मिनिटभर कोणतीच हालचाल केली नाहीं तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही उत्तर आलें नाहीं तर ब्रेक लागतो. तें यंत्र रूळ पाहत नाहीं, माणसाला पाहतें.

मोटारींच्या जगांत ह्या दोन्ही दोषांची गांठ १८ मार्च २०१८ च्या रात्रीं अमेरिकेंतील टेंपी ह्या शहरीं पडली. उबर कंपनीची स्वयंचालित मोटार चाचणीसाठीं रस्त्यावर होती. चाकामागें देखरेखीसाठीं एक व्यक्ति होती. सायकल हातांत धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री तिच्याखालीं सांपडून मेली. सरकारी चौकशींत निघालें, कीं यंत्रानें तिला साडेपांच सेकंद आधींच टिपलें होतें. परंतु हें वाहन, कीं सायकल, कीं आणखी कांहीं, ह्याबद्दल त्याचें मत पुनःपुन्हां बदलत राहिलें. कारण ओलांडण्याची खूण नसलेल्या जागीं माणूस रस्त्यांत असूं शकतो, ही गोष्ट त्याच्या रचनेंत धरलीच नव्हती. मोटारीच्या मूळ कारखानदारानें बसविलेला आपोआप ब्रेक चाचणीसाठीं बंद ठेवलेला होता. आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीची नजर त्या वेळीं फोनच्या पडद्यावर होती. पुढें खटला झाला तो त्या व्यक्तीवर. कंपनीवर फौजदारी झाली नाहीं. मॅकवर्थचें घड्याळ ज्यानें पाहिलें आहे, त्याला ह्या वांटणींत न्याय कमी आणि सोय अधिक दिसेल.

महाराष्ट्रांत ह्याच्या उलट टोंकाचा एक प्रयोग झाला आहे. नागपूर महानगरपालिकेच्या शहर बसगाड्यांवर ‘आयरास्ते’ ह्या नांवाखालीं २०२१ पासून असें साधन बसविण्यांत आलें. कॅमेरा पुढचा रस्ता पाहतो आणि टक्कर जवळ आली कीं ड्रायव्हरला नुसता इशारा देतो. चाक आणि ब्रेक ड्रायव्हरच्याच हातीं राहतात. इशारे कोठें वारंवार वाजतात त्याची नोंद ठेवून धोक्याच्या जागा अपघातापूर्वींच हुडकावयाच्या, असा त्यांत हेतु आहे. येथें यंत्र आपल्याला काय दिसत नाहीं हें लपवीत नाहीं, कारण माणसानें डोळे मिटावेत अशी संधि तें त्याला देतच नाहीं. २०२५ मध्यें केंद्र सरकारनें बस व मालमोटारींसारख्या मोठ्या वाहनांना आपोआप ब्रेक, पट्टा सुटल्याचा इशारा व चालकाच्या झोंपेचा इशारा हीं साधनें सक्तीचीं करण्याचा मसुदा काढला. सक्ति व्हावी ह्यांत वाईट कांहीं नाहीं. पण कोणत्या रस्त्यावर, किती वेगांत आणि कसल्या पावसांत हें साधन भरंवशाचें नाहीं, हें विकत घेणाऱ्याला बारीक अक्षरांतल्या पुस्तिकेऐवजीं मोटारीच्या तोंडावरच सांगितलें गेलें पाहिजे. रेल्वेच्या चाळीस किलोमीटरांसारखें.

विजयदुर्गाचा रस्ता ह्या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. मुंबई-गोवा महामार्ग तळेऱ्याला सोडला कीं एक वाट पूर्वेस वैभववाडीवरून गगनबावड्याच्या घाटाकडे चढते, आणि दुसरी पश्चिमेस किल्ल्याकडे उतरते. महामार्गावर पट्टे आहेत. तेथें यंत्र आपलें काम बरें करील. पश्चिमेच्या वाटेवर मात्र जांभ्या दगडाचा सडा, अरुंद वळणें, कडेला लाल चिखल, आणि पावसाळ्यांत कोरड्या जागेच्या शोधांत डांबरावरच बसून राहिलेलीं गुरें. ज्या पट्ट्यांच्या आधारानें यंत्र चालतें ते तेथें चिखलाखालीं जातात. अशा जागीं यंत्र बहुधा एक लहानसा दिवा विझवून आपण थांबलों असें कळवितें. ज्यानें तळेऱ्यापर्यंत हात सैल सोडले होते, त्यानें तो दिवा विझलेला पाहिला तर ठीक.

त्याच तळेऱ्यापासून पूर्वेकडे, वैभववाडीच्या डोंगरांत, पावसाळ्याच्या रात्रीं कोंकण रेल्वेचा ट्रॅकमन आपल्या ठरलेल्या टप्प्याची गस्त घालीत असतो. जाळ्या आहेत, तारा आहेत, पर्जन्यमापक आहेत. त्याच्या हातांत दिवा असतो आणि पिशवींत रुळावर लावावयाचे फटाके. दरड दिसली, तर त्यानें येणाऱ्या गाडीच्या दिशेनें धांवत जाऊन ते लावावयाचे असतात.